मरणाऱ्याला हाक कोणत्या नावाने?

१

वेस्टर्न या चित्रपटप्रकाराचे नावच दिशावाचक आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडील वसलेल्या शहरांतून पश्चिमेकडील, वसाहतकाराच्या दृष्टीने रिकाम्या असलेल्या भूमीकडे जाणारा माणूस हा या प्रकाराचा नायक होय. घोडा, बंदूक, नुकतेच उभे राहिलेले गाव, कायदा आणि सूड यांच्यातील ताण ही त्याची ठरलेली सामग्री. या सर्व सामग्रीला अर्थ मिळतो तो मात्र दिशेमुळे. पश्चिम म्हणजे पुढे. पश्चिम म्हणजे अजून न घडलेले आयुष्य. आपल्या परंपरेत पश्चिम ही वरुणाची, म्हणजे पाण्याची दिशा आहे आणि सूर्य मावळण्याचीही. जिम जार्मुश यांच्या 'डेड मॅन' (१९९५) या कृष्णधवल चित्रपटात पहिल्या अर्थाची पश्चिम दुसऱ्या अर्थाच्या पश्चिमेत हळूहळू विरघळून जाते. नोकरीसाठी निघालेला माणूस पाण्यापाशी पोचतो आणि पाण्यावरून पुढे जातो. कथानक एवढेच आहे.

त्याचा तपशील मात्र पाहण्यासारखा आहे. क्लीव्हलंडचा विल्यम ब्लेक नावाचा एक हिशेबनीस नेमणुकीचे पत्र घेऊन आगगाडीने 'मशीन' नावाच्या गावी निघतो. तो पेंगतो, जागा होतो, पुन्हा पेंगतो. प्रत्येक वेळी डब्यातील माणसे बदललेली असतात. शहरी पोशाख जाऊन कातडी पांघरलेले, बंदुका घेतलेले शिकारी भोवती दिसू लागतात, आणि एका क्षणी ते सारे उठून खिडक्यांतून बाहेरच्या रानगव्यांवर गोळ्या झाडू लागतात. मशीन हे लोहमार्गाचे शेवटचे टोक. तिथल्या धातूच्या कारखान्यात त्याची जागा महिन्यापूर्वीच भरली गेली आहे. मालक डिकिन्सन (रॉबर्ट मिचम) त्याच्यावर बंदूक रोखतो. त्याच रात्री कागदाची फुले विकणाऱ्या एका तरुणीच्या खोलीत तिचा पूर्वीचा प्रियकर, म्हणजे डिकिन्सनचाच मुलगा, गोळी झाडतो. ती गोळी तरुणीचा देह भेदून ब्लेकच्या छातीत रुतते. ती निघण्याजोगी नाही. येथून पुढे चित्रपट संपेपर्यंत ब्लेक मरत असतो.

हा चित्रपट मी बुटीबोरीत पाहिला आणि तेथील माणूस म्हणूनच तो वाचला, हे आरंभीच नोंदवले पाहिजे. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवरचे हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. नेमणुकीचे पत्र खिशात घालून येथे उतरणारी, फाटकावरच्या रखवालदाराला कारखान्याचा रस्ता विचारणारी तरुण माणसे आम्ही नेहमी पाहतो. पण मशीन आणि बुटीबोरी यांचे नाते या वरवरच्या साम्याहून जुने आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-१८६५) तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला एकाएकी भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. अमेरिकेचा एक किनारा दुसऱ्याशी जोडणारा लोहमार्ग १८६९ साली पूर्ण झाला. बुटीबोरीवरून जाणारे रूळ आणि ब्लेकची गाडी ज्यावरून धावते ते रूळ एकाच दशकाची, एकाच बाजारपेठेची अपत्ये आहेत. त्यामुळे लोहमार्गाच्या टोकाशी असलेला कारखाना ही प्रतिमा आम्हाला परकी वाटत नाही. परका वाटतो तो पुढचा प्रवास, आणि तोच खरे तर आपल्या सर्वांत ओळखीचा आहे असे मला दाखवावयाचे आहे.

२

या चित्रपटाच्या रूपबंधाचा विचार करताना प्रथम डोळ्यांत भरतो तो काळाचा व्यवहार. नेहमीच्या वेस्टर्नमध्ये गोळी हा प्रसंगाचा शेवट असतो: दोन माणसे समोरासमोर येतात, ताण वाढतो, गोळी सुटते, प्रश्न मिटतो. येथे गोळीने प्रश्न उभा राहतो. ती लागणे आणि मरण येणे यांच्यामध्ये एक अवधी आहे आणि चित्रपट म्हणजे तो अवधी. या अवधीत 'पुढे काय' या उत्कंठेला फारसे स्थान उरत नाही, कारण पुढे काय हे ठाऊक आहे. रॉबी म्युलर यांचे छायाचित्रण करड्या रंगाच्या असंख्य छटांतून झाडांच्या साली, धूर, चेहरे, पाणी दाखवीत राहते. प्रत्येक दृश्य सावकाश काळोखात मिटते, क्षणभर पडदा काळा राहतो आणि मग दुसरे दृश्य उमलते. शुद्ध हरपत जाणाऱ्या माणसाचे डोळे असेच मिटत-उघडत असतील. नील यंग यांनी चित्रपट पाहता पाहता उत्स्फूर्त वाजवलेली गिटार या मिटण्या-उघडण्याला लय देते. हाणामाऱ्याही आहेत, पण त्या ओबडधोबड आहेत: नेम चुकतात, माणसे विनाकारण, जवळजवळ हास्यास्पद रीतीने मरतात. वीररसाची सगळी सामग्री हाताशी असताना तिच्यातून वीररस निष्पन्न होऊ द्यायचा नाही, असा दिग्दर्शकाचा निर्धार दिसतो.

आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतात महाभारताचा प्रधान रस शांत मानला आहे, हे येथे आठवते. अठरा अक्षौहिणींच्या संहाराच्या कथेला शांतरसप्रधान म्हणण्याचे धाडस त्याने केले, ते शेवटाकडे पाहून. सर्व काही जिंकल्यानंतर पांडव सर्व काही टाकून उत्तरेच्या वाटेने चालू लागतात, म्हणून. युद्धाची कथा शेवटी प्रस्थानाची कथा ठरते. 'डेड मॅन' वेस्टर्नशी हेच करतो. फरक इतकाच की तो शेवटापर्यंत थांबत नाही, पहिल्या अर्ध्या तासातच करतो.

परंतु या चित्रपटाचा आपल्याकडील खरा सगोत्र मला परीक्षिती वाटतो. सातव्या दिवशी तक्षकाच्या दंशाने मरण येणार, असा शाप त्याला मिळाला आहे. गोळी छातीत आहे. केवळ तिचे काम पूर्ण व्हायचे आहे. मरू घातलेल्या माणसाने काय करावे, काय ऐकावे, हा त्याचा प्रश्न आणि त्याला शुकाने दिलेले उत्तर म्हणजे भागवत. आपल्याकडे या ग्रंथाची एक जिवंत प्रयोगपरंपरा आहे. विदर्भातल्या गावोगावच्या देवळांत भागवत सप्ताह बसतो. मंडप पडतो, सात दिवस कथा चालते, शेवटी काला होतो. या सात दिवसांच्या मुदतीचा अर्थ आपण सवयीने विसरतो. ती परीक्षितीची मुदत आहे. मंडपात बसलेला शेतकरी, शिक्षक, कारखान्यातून पाळी संपवून आलेला कामगार, या सर्वांना तो ग्रंथ परीक्षितीच्या जागी बसवतो: तुमच्याकडे सात दिवस आहेत असे समजून ऐका. आठव्या दिवशी श्रोते काल्याचा प्रसाद खाऊन घरी जातात, हा या रचनेचा आणखी एक सूक्ष्म भाग. मरणाची जागा उसनी घेऊन ऐकायचे आणि ऐकून झाल्यावर ती परत करायची. वाचकाचे संहितेतील स्थान कोणते, याबद्दल अलीकडच्या समीक्षेत बरेच लिहिले गेले. सप्ताहाच्या मंडपाने ते फार पूर्वी आखून ठेवले आहे.

३

परीक्षितीला शुक भेटला. ब्लेकला 'नोबडी' भेटतो. गॅरी फार्मर यांनी साकारलेला हा स्थूल, बोलका, मिश्कील मूळनिवासी या चित्रपटाचा खरा प्राण आहे. लहानपणी इंग्रज शिपायांनी त्याला पकडले, पिंजऱ्यात घालून शहरोशहरी दाखवले, समुद्रापार इंग्लंडला नेले. तेथे शाळेत त्याच्या हाती विल्यम ब्लेक (१७५७-१८२७) या कवीची कविता पडली. पुढे तो पळून परत आला, तर त्याच्या माणसांनी त्याच्या साऱ्या हकिकती खोट्या ठरवल्या. तेव्हापासून तो स्वतःला 'कुणीच नाही' म्हणवतो. जखमी हिशेबनिसाचे नाव ऐकताच त्याची खात्री पटते की हा तोच कवी. हा मेलेला आहे, चुकून इकडे आला आहे, आणि याला जिथून आला तिथे परत पोचवणे आपले काम आहे. हिशेबनिसाने आयुष्यात कविता वाचलेली नाही. तो गोंधळतो, नाकारतो, आणि हळूहळू त्या नावात शिरू लागतो.

याला चुकीचे वाचन म्हणावयाचे काय? हॅरल्ड ब्लूम यांनी 'अ मॅप ऑफ मिसरीडिंग' (१९७५) या ग्रंथात अपवाचन हे कवीच्या जन्माचे साधन मानले: नंतरचा कवी पूर्वसूरीला चुकीचे वाचतो आणि त्या चुकीत स्वतःला जागा करून घेतो. ब्लूम यांच्या मांडणीत अपवाचन हा झगडा आहे. वाचणाऱ्याला त्यातून काही मिळवायचे असते. नोबडीच्या अपवाचनात लाभ वाचणाऱ्याचा नाही, वाचल्या जाणाऱ्याचा आहे. ज्याच्या जगण्याला जमा-खर्चापलीकडे काही संदर्भ नव्हता, त्याला मरताना एक संदर्भ दिला जातो. ब्लेक हा कवी नाही हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. तरीही मरण पावलेल्या हरणाच्या पाडसाशेजारी तो आडवा होतो, त्याचे रक्त स्वतःच्या रक्तात मिसळून कपाळाला लावतो, तेव्हा तो हिशेबनीस उरलेला नाही हेही प्रेक्षकाला ठाऊक असते. नाव चुकीचे होते; त्या नावाने केलेली वाट चुकीची नव्हती.

हे मला केवळ तर्काने उमगले असे म्हणता येणार नाही. माझे वडील आयुष्यभर सरकी आणि रुईच्या जमाखर्चात वावरले. वर्ध्याकडच्या एका जिनिंगमध्ये ते दिवाणजी होते. २०११ च्या पावसाळ्यात, बुटीबोरीच्या घरी, त्यांची शुद्ध येऊन-जाऊन राहू लागली. रात्री रुळांवरून जाणाऱ्या गाडीचा आवाज घरात येई आणि खाट म्हणजे गाडीचा डबा आहे अशी त्यांची समजूत होई. उशाशी बसलेली धाकटी बहीण, माझी आत्या, त्यांना त्यांची आई वाटे. भेटायला येणारे नातेवाईक त्यांना दुरुस्त करीत: ही तुमची बहीण, हे तुमचे घर, तुम्ही कुठेही चाललेले नाही. दुरुस्तीने ते कावरेबावरे होत, एखाद्या चुकीच्या नोंदीखाली बोट ठेवून कुणीतरी जाब विचारावा तसे. आत्या दुरुस्त करीत नसे. "माय, वर्धा आली का?" असे त्यांनी विचारले की ती म्हणे, "नाही बापू, आत्ता सिंदी गेली. झोप तू. इथंच आहो न मी." दुसऱ्या रात्री ती त्यांना तुळजापूर सांगे, पुढे सेलू रोड. त्या मार्गावरची स्थानके तिला पाठ होती. ती क्रम चुकवीत नसे आणि घाईही करीत नसे. ती खोटे बोलत होती असे म्हणवत नाही. वडील ज्या गाडीत होते, त्या गाडीच्या हिशेबाने ती खरेच सांगत होती.

संध्याकाळी ती त्यांच्यापाशी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणे. आपल्या अनेक घरांत मरणाऱ्याजवळ तो म्हटला जातो आणि त्याकडे आपण धर्माचार म्हणून पाहतो. वाङ्मयीन दृष्टीने पाहिले तर तेथे एक विलक्षण गोष्ट घडत असते. या अध्यायातील प्रत्येक संबोधन अर्जुनाला उद्देशून आहे. ते मरणशय्येवरच्या माणसाच्या कानाशी उच्चारले जाते, तेव्हा त्या संबोधनाचा धनी बदलतो. पंधराव्या अध्यायाच्या अखेरच्या श्लोकात श्रोत्याला 'अनघ' म्हटले आहे: निष्पाप. हे विशेषण एका योद्ध्यासाठी होते. पावसाळी संध्याकाळी ते रुईच्या गाठींचा हिशेब ठेवणाऱ्या एका माणसाला बहाल होत होते, आणि त्याने ते मिळवण्यासाठी काय केले याची चौकशी होत नव्हती. नोबडीने हिशेबनिसाला कवीचे नाव दिले. आत्याने दिवाणजीला अर्जुनाचे. मरणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या नावाने पोचवता येत नाही; आपल्याहून मोठ्या कुणाच्या तरी नावाने त्याला हाक मारावी लागते. संहिता याच कामी येते. अंतकाळी ग्रंथ वाचण्याच्या प्रथेमागे, तिची पारलौकिक समर्थने बाजूला ठेवली तरी, एवढे शहाणपण निश्चितच आहे.

४

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो टाळता येणारा नाही. गोऱ्या माणसाच्या आत्म्याच्या प्रवासासाठी एक मूळनिवासी वाटाड्या म्हणून राबतो, ही वसाहतवादी कल्पनेतली जुनीच मांडणी नाही काय? वाटाड्याचे स्वतःचे मरण कोणाच्या हिशेबात धरले जाते? जार्मुश यांना या प्रश्नाची जाणीव आहे. नोबडीला त्यांनी स्वतःची कथा दिली आहे, आणि ती ब्लेकच्या कथेपेक्षा दारुण आहे. मूळनिवासींचे संवाद त्यांच्याच भाषांत आहेत आणि त्यांचे भाषांतर पडद्यावर दिलेले नाही. त्या विनोदांचा, त्या शिव्यांचा अर्थ जाणणारा प्रेक्षक वेगळा आहे हे बाकीच्यांना मुकाट्याने मान्य करावे लागते. खिडक्यांतून होणारी गव्यांची कत्तल आणि वाटेवरची जळालेली वस्ती यांमुळे हा एका माणसाचा नव्हे, एका भूप्रदेशाचा मृत्युप्रवास आहे हेही विसरता येत नाही.

तरीही शेवट पाहावा. समुद्रकाठच्या मकाह लोकांच्या गावी नोबडी ब्लेकला आणतो, नाव मिळवतो, त्याला तिच्यात निजवतो आणि पाण्यावर लोटतो. नाव किनाऱ्यापासून दूर जात असता पाठलागावर आलेला मारेकरी पोचतो. तो आणि नोबडी एकमेकांना गोळ्या घालतात. ब्लेक हे नावेतून पाहतो. मान उचलण्यापलीकडे त्याच्या हाती काही नाही. प्रयाण पूर्ण होते आणि पोचवणारा किनाऱ्यावर मरून पडतो. त्याला कोण पोचवणार? त्याच्यापाशी कोणती कविता म्हटली जाणार? चित्रपट हा प्रश्न विचारीत नाही, पण दूर जाणाऱ्या नावेतून किनारा दाखवून तो आपल्यापाशी ठेवून देतो.

आपल्याकडचे या विषयावरील थोर कृष्णधवल चित्र म्हणजे प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६). दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाचा शेवटही प्रयाणाचाच आहे. दिशा मात्र ऊर्ध्व. विष्णुपंत पागनीस यांचा तुका वैकुंठाला निघताना जिजाईला बरोबर बोलावतो. मुलांचे कोण पाहील म्हणून ती मागे राहते. गौरी यांनी उभी केलेली ही जिजाई विठोबाशी भांडणारी, भुकेचा हिशेब ठेवणारी, पायांखालच्या जमिनीची बाई आहे. विमान वर जाताना चित्रपट तिला विसरत नाही. तुकोबाच्या मोक्षाला खरा भार येतो तो खाली उभ्या असलेल्या या बाईमुळे. 'डेड मॅन'मध्ये अशी मागे राहणारी व्यक्ती नाही. किनाऱ्यावर उरतात ती दोन प्रेते. म्हणून तो चित्रपट इतका एकाकी आहे आणि म्हणूनच पाहणाऱ्यावर त्याचा एक विशेष भार पडतो: मागे राहण्याचे काम प्रेक्षकाला करावे लागते.

हे काम कसे करावे, याचे मराठीतले सर्वांत मोठे उदाहरण विदर्भातच घडले आहे. श्रीचक्रधर उत्तरापंथे निघून गेले. त्यांनी देह ठेवला असे पंथ मानीत नाही. ते गेले, एवढेच. मागे राहिलेले नागदेवाचार्य आणि इतर अनुयायी ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिले. पुढे म्हाइंभटांनी एकेका अनुयायाकडे जाऊन आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. मूळ पोथी पुढे धामधुमीत नाहीशी झाली, तेव्हा ती पुन्हा स्मरणातून उभी करावी लागली. तिचे पाठभेद माणसांच्या आठवणींइतके आहेत. स्वामी कोठे बसले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, कोण त्यावर हसले: या तपशिलांत प्रवासाच्या अंतिम स्थानाचे वर्णन नाही. गेलेला माणूस कोठे पोचला हे मागे राहणाऱ्याला सांगता येत नाही. तो इथे असताना कसा होता एवढेच सांगता येते, आणि ते चोख सांगावे लागते. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ असा मागे राहिलेल्यांनी लिहिला आहे.

तेव्हा मरणाकडे जाणाऱ्याच्या प्रवासाविषयी बोलताना आपण बहुधा जाणाऱ्याकडेच पाहतो, हे अपुरे आहे. या प्रवासाला दोन माणसे लागतात. एक, जे त्याला चुकीच्या पण पुरेशा मोठ्या नावाने हाक मारील. आणि दुसरे, जे नंतर त्याचे बारीकसारीक तपशील अचूक सांभाळील. पहिल्याला अपवाचनाची मुभा आहे, दुसऱ्याला नाही. वडील गेले त्यानंतर आत्याने 'अर्जुन' हा शब्द त्यांच्या संदर्भात पुन्हा उच्चारल्याचे मला आठवत नाही. ती सांगे ते त्यांच्या अक्षराविषयी, चहात साखर किती लागे याविषयी, आणि बेरीज जमली नाही की ते रात्री कितीदा उठून खातेवही उघडत याविषयी.